कढीपत्त्याची बंदूक

मी मूळचा पेणचा. अमेरिकेत मराठी माणसासमोर हे वाक्य उच्चारू नये. पेण म्हटलं की समोरचा ठरवूनच टाकतो, की हा गणपतीच्या कारखान्यात जन्मला आणि बारशालाच ह्याच्या मुठीत ब्रश दिला. वस्तुस्थिती अशी, की आमच्या घराण्याचा रंगाशी संबंध दिवाळीआधीच्या चुन्यापुरता, आणि तोही गडी लावून. पण पिट्सबर्गच्या आमच्या मंडळाने मुलांसाठी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा घेतली, तेव्हा डोळ्यांची आखणी माझ्याकडे आली. पेणचा ना! मी आखले. एक डोळा मोदकावर, दुसरा उंदरावर. "वा, बाप्पाचं सगळीकडे लक्ष आहे," असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी मला पार्किंगवर घातलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या मूर्तीवर मी गराजमध्ये हात फिरवत बसलो असताना शेजारच्या पाटलांनी मला पाहिलं होतं.

पाटील म्हणजे अस्सल अमेरिकन. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त, सहा फुटांवर उंची, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि दिवसभर घरापुढे खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर बोलता यावं म्हणून आम्ही हे नाव ठेवलं. ओघानेच त्यांच्या पत्नी पाटलीणबाई झाल्या आणि पाटलीणबाईंचा भाऊ मेहुणा झाला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी पाटील दारात उभे.

"तू देव रंगवतोस ना? मग माझी रायफलही रंगव."

अशा वेळी नाही म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्या अंगी नाही. शिवाय रायफल त्यांच्याकडे होती.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे बंदूक म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची. खरी बंदूक मी लहानपणी एकदाच पाहिली, ओळखीच्या एका इनामदारांकडे. त्यांच्याकडे परवान्याची बाराबोर होती, पण निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. कधी लोकसभा, कधी विधानसभा, कधी जिल्हा परिषद. त्या बंदुकीचं निम्मं आयुष्य ठाण्यात गेलं आणि तिला इनामदारांपेक्षा हवालदार जास्त ओळखायचे. पेनसिल्व्हेनियात मात्र हरणांचा रायफलचा मोसम म्हणजे सण. तो वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असायची. 2019 पासून सुरुवात शनिवारवर आली, तर जुन्या मंडळींना आषाढी एकादशी सोयीसाठी रविवारी ढकलल्याएवढं दुःख झालं. पाटील अजून त्या निर्णयाचा उल्लेख दबक्या आवाजात करतात.

तर त्यांनी नवी रायफल घेतली होती. .30-06 काडतुसाची, हे काडतूस अमेरिकी सैन्याने 1906 साली घेतलं, म्हणून शेवटचे 06. दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा. पाटलांचं म्हणणं, जंगलात काळी सरळ रेघ कुठेच नसते, त्यामुळे हरणाला ती लगेच खटकते.

"हरणाला खटकते हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मेहुण्याने."

प्रत्येक घरात सर्व विषय जाणणारा एक मेहुणा असतो. हा लष्करात राहून आलेला. 2004 साली अमेरिकी सैन्याने वाळवंट, जंगल आणि शहर तिन्हीकडे चालेल असा राखाडी चौकटींचा एकच गणवेश काढला होता. तो तिन्हीकडे सारखाच उठून दिसला आणि 2015 पासून बदलायला घेतला. मेहुण्याने त्याच गणवेशात उमेदीची वर्षं काढली, म्हणून दडण्याच्या शास्त्रात शेवटचा शब्द त्याचा.

मराठी माणूस कामाला हात घालण्याआधी पूर्वपीठिका वाचतो. त्याने काम होत नाही, पण पूर्वपीठिका होते. मला त्यात ॲबट थेयर नावाचा एक अमेरिकन चित्रकार भेटला. ह्या गृहस्थांनी आणि त्यांच्या मुलाने 1909 साली जाडजूड ग्रंथ काढून सिद्ध केलं, की प्राण्यांचे झाडून सगळे रंग दडण्यासाठीच असतात. फ्लेमिंगो गुलाबी का? तर पहाटे आणि संध्याकाळी आकाश गुलाबी होतं, त्यात तो मिसळून जातो. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट नुकतेच आफ्रिकेतून शिकार करून परतले होते. त्यांनी 1911 मध्ये भलाथोरला लेख लिहून थेयरसाहेबांची सालटी काढली. मी हे पाटलांना सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "मग तो दुपारी काय करतो?"

पुढे 1915 साली फ्रेंच सैन्याने तोफा झाकायला चित्रकारांची रीतसर तुकडीच उभारली, हेही मला सांगायचं होतं. पण तोवर मेहुणा आला.

मेहुण्याने सुचवलं, की फवाऱ्याचे डबे हे पोरखेळ. खरं काम सेराकोटचं. तो सिरॅमिकचा लेप असतो, तो मारून ओव्हनमध्ये 250 अंश फॅरनहाइटला दोन तास भाजायचा. पाटलांनी ओव्हनची लांबी मोजायला फूटपट्टी काढली. तेवढ्यात आतून पाटलीणबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "माझ्या ओव्हनमध्ये महिनाभरात थँक्सगिव्हिंगची टर्की जायची आहे. ह्या वर्षी टर्की भाजायची की रायफल, ते तुम्ही तिघे बसून ठरवा." आम्ही बसलो नाही. डबे आणायला गेलो.

दुकानात कॅमोफ्लाजच्या डब्यांचं स्वतंत्र फडताळ होतं. वाळूचा, तपकिरी, गडद हिरवा आणि खाकी, सगळे मॅट. खाकी हा रंग दडण्यासाठी वापरतात हे वाचून माझं मन भरून आलं. ह्याची सुरुवात 1840च्या दशकात आपल्याच वायव्य सरहद्दीवर, गाइड्स पलटणीत झाली. पण आमच्या गावात खाकी दिसली की दडायचो ते आम्ही.

घरी आल्यावर पूर्वतयारी. पाटील बाकी कशातही ढिसाळ असतील, ह्यात नाहीत. बोल्ट काढला, कोठी रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, बोट घालून चाचपलं, मला पाहायला लावलं, आणि काडतुसांचा डबा वरच्या मजल्यावर कुलपात. मग ब्रेक क्लीनर मारून तेलाचा अंश न् अंश उतरवला. "आता हिला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं की रंग धरत नाही," असं बजावून पाटलांनी हातमोज्याने आपलं नाक खाजवलं आणि त्याच हाताने रायफल उचलली. पुन्हा ब्रेक क्लीनर.

त्यानंतर चिकटपट्टी. दुर्बिणीच्या दोन्ही काचा, तिच्यावरचे आकडे, घोडा, बोल्टची खाच. नळीच्या तोंडात कानात घालायचा फोमचा बोळा. बंदुकीचा क्रमांकही झाकला, कारण तो खोडणं हा इथे केंद्र सरकारचा गुन्हा आहे. रंगाने खोडला जात नाही, पण पाटील म्हणाले, सरकारला विनोद कळत नाही. जे झाकायचं ते सगळं झाकल्यावर रंगवायला उरलं ते इतकं थोडं, की मला वाटलं नुसती चिकटपट्टीच ठेवावी.

तारेच्या हँगरला अडकवून रायफल गराजच्या दारात टांगली. दार उघडं, कारण वाफा. तोंडावर गॅसचे मुखवटे, हातात निळे मोजे, मध्ये लोंबकळणारी बंदूक, आणि त्यात मी सावळा. समोर टपालाची गाडी थांबली. मी मनातल्या मनात वकिलाचा नंबर आठवायला लागलो. टपालवाली उतरली, जवळ आली, डोकं तिरकं करून निरखलं आणि म्हणाली, "खालचा हात वाळूच्या रंगाचा दिलात का? मी तपकिरी देते." आणि विजेचं बिल माझ्या हातात ठेवून गेली.

खालचा हात छान बसला. थंडीत डबा नीट फवारत नाही म्हणून तो कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायचा, फूटभर अंतरावरून मारायचा, एका जागी थांबायचं नाही, हे सगळं मेहुणा सांगत होता आणि पाटील नेमकं उलटं करत होते. दस्त्यावर एक ओघळ आला. "राहू दे, झाडाचा चीक वाटेल," मेहुणा म्हणाला.

आता नक्षी. ह्यात दोन पंथ आहेत. एक स्पंजवाल्यांचा, दुसरा पानवाल्यांचा. पानवाले खरं पान किंवा डहाळी बंदुकीवर धरतात, वरून गडद रंग फवारतात आणि पान उचललं की खाली पानाची फिकट सावली उरते. मेहुणा स्पंजवाला. पाटील पानवाले. हा वाद तासभर चालला आणि त्यात वडीलधाऱ्यांचे उद्धार झाले. शेवटी पाटील जिंकले, कारण गराज त्यांचं होतं. "बडी, एखादं नेचं आण," त्यांनी मला फर्मावलं. मी कुंपणापाशी नेचं शोधत फिरत होतो. परत येतो तर पाटलांच्या हातात फांदी तयार होती. मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी सुबक, टोकदार, ओळीने लागलेली पानं.

"तुझ्या दाराबाहेर कुंडी होती. काय सुरेख पान आहे रे!"

माझ्या पोटात गोळा आला. तो कढीपत्ता होता.

पेनसिल्व्हेनियात कढीपत्ता म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. बाहेरदेशातून ताजा कढीपत्ता आणायला मनाई, कारण लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारा कीटक त्यावर बसतो. आमचं रोप न्यू जर्सीहून मांडीवर ठेवून आणलेलं. उन्हाळ्यात अंगणात, आणि ऑक्टोबरात पहिलं दहिवर पडायच्या आत घरात. त्या सकाळी ते घरात जायच्या वाटेवर होतं. आमच्या घरात फोडणीला किती पानं टाकायची ह्याचा निर्णय बायको घेते आणि तो बदलत नाही. पाटलांनी सबंध शेंडा खुडला होता.

बोलायच्या आत फवारा सुटला. दस्त्यावर, दुर्बिणीवर, नळीवर. पान उचललं, पुढे सरकवलं, पुन्हा फवारलं. आणि खरं सांगतो, नक्षी अप्रतिम उठली.

बायको तोवर आली होती.

"अहो, हे काय?"

"रायफल."

"ते दिसतंय मला. तिच्यावर काय आहे?"

मी गप्प. ती रंगाने माखलेल्या फांदीकडे पाहत राहिली. "पोह्यांना दोन पानं जास्त मागितलीत तर मी ऐकवते, आणि इथे अख्खा शेंडा ह्या पाटलाच्या बंदुकीला?"

"काय म्हणतायत त्या?" पाटलांनी अदबीने विचारलं.

"म्हणतेय, नक्षी फार छान आलीय."

पाटलांनी टोपी काढून तिला वाकून अभिवादन केलं. ती काही बोलली नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे फोडणीत फक्त मोहरी होती.

मेहुण्याने चष्मा लावून नक्षी तपासली. "ब्लॅक वॉलनट," त्याने निकाल दिला. "उत्तरेकडच्या उतारावर खूप असतं. हरणं ह्याच्याच आडोशाला थांबतात. मी डोळ्यांनी पाहिलंय." मी काही बोललो नाही. सबंध पेनसिल्व्हेनियात कोकणातल्या परसात दडायला तयार असलेली ही बहुधा एकमेव रायफल होती, आणि तिला स्थानिक तज्ज्ञाची मान्यता मिळाली होती.

रंग रात्रभर वाळायला ठेवला. ऑक्टोबरात इथे घरोघरी एक किडा घुसतो, ढालीच्या आकाराचा, तपकिरी, दाबला की घाण वास येणारा. पूर्व आशियातून आलेला हा पाहुणा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आमच्याच राज्यात, ॲलनटाउनला, 1990च्या दशकात. निसर्गाने त्याला जन्मतःच उत्तम कॅमोफ्लाज दिलेला आहे, तरी त्याला पाटलांचा हवासा वाटला. रात्रीतून तो ओल्या रंगावरून नळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेला आणि दुर्बिणीपाशी पोचून तिथेच चिकटला. त्याच्या पावलांची बारीक ठिपक्यांची रांग सकाळी पाटलांना फार आवडली. त्यांनी ती तशीच ठेवली. किडाही ठेवणार होते, पाटलीणबाईंनी काढला.

इथे थांबायला हवं होतं. पण रंग टिकावा म्हणून वरून एक पारदर्शक हात द्यावा असं मेहुण्याच्या मनात आलं. डबा त्याच्या ट्रकमध्ये होता. त्यावरची चिठ्ठी जुन्या रंगांनी इतकी बरबटलेली, की 'क्लिअर' एवढंच वाचता येत होतं. त्याने मनापासून दोन हात दिले. ऊन वर आलं, रंग वाळला, आणि आमची मॅट, मातकट, जंगलात विरघळून जाणारी रायफल पॉलिश केलेल्या पाटासारखी लखलखू लागली. डबा ग्लॉसचा निघाला.

वाचकांची इथे अपेक्षा असेल, की पाटलांनी बंदूक झुडपात ठेवली आणि मग ती कुणाला सापडलीच नाही. ठेवली खरी, मेहुण्याच्या आग्रहाखातर, कुंपणाच्या झुडपात. टपालाच्या गाडीतूनच आवाज आला, "अरे वा, झुडपात चमकतंय काय ते?"

मॅटचे आणखी दोन डबे आले. ते मारून ती चकाकी गाडली.

ह्या सगळ्याच्या काळात रोज संध्याकाळी आमच्या परसात पांढऱ्या शेपटीची हरणं येत होती, हे सांगायचं राहिलं. माझी मेथी, पाटलीणबाईंची होस्टाची रोपं, सगळं ती निवांत फस्त करायची. एक मादी तर गराजच्या दाराशी येऊन टांगलेल्या रायफलीकडे बघत रवंथ करत उभी राहिली. पाटलांचा जीव खालीवर झाला, पण वस्ती असलेल्या घरापासून 150 यार्डांच्या आत राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करायला इथे बंदी. त्या मादीला हा कायदा माहीत असावा.

मी पाटलांना विचारलं, "पण तुम्ही जंगलात कपडे कुठले घालता?"

तेव्हा त्यांनी कपाटातून एक जाकीट आणि टोपी काढली. रंग असा भडक नारिंगी, की आमच्याकडच्या कुठल्याही झेंड्याने खाली मान घालावी. राज्याचा नियमच आहे: रायफलच्या मोसमात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच झळझळीत नारिंगी अंगावर हवंच, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये. थोडक्यात, पाटील मैलभरावरून दिसणार आणि त्यांच्या हातातली रायफल कुणालाही दिसणार नाही. नारिंगी माणूस हवेत हात धरून बसलाय, असं दृश्य.

"हरणाला नारिंगी दिसत नाही," पाटील शांतपणे म्हणाले.

हे मात्र खरं निघालं. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. नारिंगी आणि हिरवा त्याला जवळपास सारखेच. निळा मात्र त्याला आपल्यापेक्षाही चांगला दिसतो, आणि कपड्यांना उजळ करणाऱ्या धुण्याच्या पावडरीची चमकसुद्धा. म्हणजे भगवं चालेल, नीळ चालणार नाही. पाटील बारा महिने तेरा काळ निळी जीन्स घालतात आणि पाटलीणबाई ती स्वच्छ धुतात. मी हे सांगितल्यावर पाटलांनी आधी जीन्सकडे, मग बायकोकडे पाहिलं आणि विषय बदलला. वासाचं तर मी काढलंच नाही. माणसापेक्षा कित्येक पटींनी तीक्ष्ण नाक असलेल्या जनावरापुढे ब्रेक क्लीनर, चार रंग आणि तीन-चार हात क्लिअरचा दर्प घेऊन जायचं होतं.

मग हा खटाटोप कोणासाठी? ह्याचं उत्तर मोसमाच्या आदल्या रात्री मिळालं. पाटलांकडे शिकारी मित्र जमले होते. प्रत्येकाने आपापली रायफल आणली होती आणि प्रत्येकीवर काही ना काही नक्षी होती. एकीवर स्पंज, एकीवर कपडे धुण्याच्या जाळीदार पिशवीतून उठवलेले सापाचे खवले, दुसऱ्या एकीवर विकतची छापील झाडाची साल. ही साल 1980च्या सुमारास व्हर्जिनियाच्या जिम क्रम्ली नावाच्या शिकाऱ्याने आधी मार्करने स्वतःच्या कपड्यांवर काढली. आता ती सोफ्यांवर आणि तान्ह्या मुलांच्या लाळेऱ्यांवरही असते. लपण्यासाठी रंगवलेल्या त्या सगळ्या वस्तू भर उजेडात टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. पाटलांची बंदूक सगळ्यात जास्त वेळ हातोहात फिरली. "हे पान कुठलं?" एकाने विचारलं. "ब्लॅक वॉलनट," मेहुणा म्हणाला. "भारतीय पद्धतीचं," पाटलांनी माझ्याकडे हात केला. मी पेणचा असल्याचं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटील निघाले ते अक्रोडाच्या दस्त्याची, वडिलांची जुनी, साधी रायफल घेऊन.

"आणि नवी?"

"वेडा आहेस का? झुडपात ओरखडे पडतील तिला."

जुन्या रायफलीने, नारिंगी जाकिटात, झाडाला टेकून सँडविच खाता खाता त्यांनी दुपारपर्यंत एक हरीण मिळवलं. मेहुणा नखशिखांत रंगलेला जंगलात पाच वाजेपर्यंत हिंडला आणि त्याला कुणी दिसलं नाही. न हलता, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसणं एवढंच ह्या विद्येत खरं, असं पाटील सांगतात. पण ते सांगताना त्यांची नजर दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलेल्या नव्या रायफलीवर असते.

आता वसंतात रानटर्कीचा मोसम येतोय. टर्कीला रंग उत्तम दिसतात आणि त्या मोसमात नारिंगी जाकिटाची सक्तीही नाही, त्यामुळे ह्या खेपेला कॅमोफ्लाज खरोखरच लागणार. पाटलांनी शॉटगन काढली आहे आणि आमच्या खिडकीतल्या कुंडीकडे त्यांची रोज एक फेरी होते. कापलेल्या शेंड्याला आत्ता कुठे तीन फुटवे आले आहेत. तेव्हा पिट्सबर्गच्या आसपास कुणाकडे कढीपत्त्याचं जादा रोप असेल, तर कृपया मंडळाकडे कळवावं. आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि येताना पेणचा कोण, हे कुणी विचारू नये.